पडद्यामागचं स्टेज: आमच्या जुन्या थेटरची पार्श्वभूमी

जुनं थेटर दुरुस्त करायला 'थेटर वाचवा' मोहिमेची वर्गणी सुरू झाल्यापासून गावात एकच प्रश्न फिरतोय, एवढं काय ठेवलंय त्या पडक्या टॉकीजमधे? प्रश्न चुकीचा नाही, कारण आज जवळपास कोणालाही ती जागा टॉकीज म्हणूनच माहितीय. पण ती बांधली तेव्हा नाटकासाठी बांधली होती, सिनेमा नंतर घुसला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जागेच्या मालकीचं अजून मिटलेलं नाही आणि उगाच कोणाला वकिलाकडे पळायला निमित्त नको. तापीखोऱ्यातलं, रेल्वेवरचं, जिनिंगचं (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांचं) गाव एवढं धरून चाला.

आता मुळात खान्देशात नाटकाची थेटरं आलीच कशी, तर कापूस आणि रेल्वे. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला आणि इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली. मग जिनिंग, प्रेसिंग, जळगावची मिल, पुढे अमळनेरला प्रताप मिल. 1900 च्या सुमाराला सुरतेकडून तापी व्हॅली रेल्वे अमळनेरला आली आणि चाळीसगाव-धुळे फाटाही झाला. 1906 मधे खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पडले तोपर्यंत या पट्ट्यात हातात रोख पैसा असलेला व्यापारी, वकील, मास्तर, रेल्वेबाबू असा वर्ग तयार झाला होता आणि त्याला संध्याकाळी करायला काही नव्हतं.

तिकडे पुण्यात 1880 ला किर्लोस्करांचं शाकुंतल आलं आणि संगीत नाटकाच्या कंपन्या गावोगाव फिरायला लागल्या. कंपनी म्हणजे काय तर नट, वादक, आचारी, शिंपी, रंगवलेले पडदे, कपड्यांच्या पेट्या असं अख्खं बिऱ्हाड, बैलगाडीतून एवढं सामान हलवायचं म्हणजे जीव जायचा. रेल्वेमुळे ते सोपं झालं, म्हणून कंपन्यांचे मुक्काम रेल्वेच्या कडेकडेने पडलेले दिसतात. दिवाळीनंतर कापूस विकला जायचा तो सीझन, म्हणजे आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) लोकांच्या खिशात काहीतरी असायचं. आधी कंपन्या तात्पुरते मांडव टाकायच्या, वर पत्रे, कडेने तट्टे, मग एखाद्या जिनवाल्या शेठच्या डोक्यात यायचं की दरवर्षी भाड्याचा मांडव कशाला, पक्कंच बांधू. आमचं थेटर असंच झालं.

बालगंधर्वांचं नाव इथे येणारच. लहानपणीचा काही काळ ते जळगावला होते आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी तिथेच मेहबूबखानांकडे घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे ते उगाच नाही. ते आमच्या स्टेजवर गायले असं गावातले अर्धे म्हातारे छातीठोक सांगतात, पण त्याचा कागद अजून कोणी दाखवलेला नाही, म्हणून मोहिमेच्या पत्रकात ते छापू नका असं मी सगळ्यांना सांगतोय.

बिल्डिंग बघितली की तेव्हाचा समाज कळतो. काळ्या दगडाचं जोतं, विटा चुन्यात, सागाचे खांब, वर पन्हाळी पत्रा. बायकांची गॅलरी वेगळी आणि तिचा जिना बाहेरून, म्हणजे पुरुषांच्या दारातून जायलाच नको. लाऊडस्पीकर नव्हता, त्यामुळे शेवटच्या बाकड्यापर्यंत आवाज नुसत्या गळ्याने पोचवायचा, म्हणून हॉल लांबट नाही, रुंद आणि आखूड आहे. आजही टाळी वाजवून बघा, बिना माईकचं ऐकू येतं. नवीन हॉलमधे लाखोंची साउंड सिस्टीम लावून जे जमत नाही ते इथे आहे.

पण एक गोष्ट पत्रकात कोणी लिहीत नाही ती मी लिहितो. हे थेटर 'सगळ्या गावाचं' कधीच नव्हतं. तमाशाचा फड गावाबाहेर जत्रेत राहुटी ठोकायचा. डफावर वही, म्हणजे खान्देशी लोकगाणी, गाणारे लोक देवळापुढे, चौकात रात्र काढायचे, ते काय या स्टेजवर नाही आले. संगीत नाटक बघणारा वर्ग वेगळा आणि वही ऐकणारा वेगळा, आणि दोघांच्या मधे हीच भिंत होती. आता वर्गणी मागायला सगळ्या गल्ल्यांमधे जायचं असेल तर स्टेजसुद्धा सगळ्यांना द्यावं लागेल, नाहीतर लोक विचारतील, आणि विचारायलाच पाहिजे.

1931 ला बोलपट आला, पुढच्याच वर्षी मराठी बोलपट आला आणि पाच-सात वर्षांत भल्याभल्या नाटक कंपन्यांचे पडदे लिलावात निघाले. मालकाने हुशारी केली, थेटर पाडलं नाही, स्टेजच्या तोंडावर भिंत घातली, तिला पांढरा रंग दिला आणि तोच सिनेमाचा पडदा. प्रेक्षकांच्या मागे प्रोजेक्टरसाठी विटांची केबिन बांधली, खिडक्यांना लोखंडी झडपा, कारण तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची आणि ठिणगी पडली की भडकायची. गंमत म्हणजे त्या भिंतीच्या मागे जुनं स्टेज जसंच्या तसं राहिलं. फळ्या, दोर, कप्प्या, वरचा पडद्यांचा माळा, सगळं अंधारात बंद. आत्ता साफसफाईला पोरं मागच्या दाराने शिरली तेव्हा हे बाहेर आलं आणि तिथूनच मोहिमेला खरा जोर आला.

कंपन्या गेल्या म्हणून खान्देशातलं नाटक गेलं असं नाही. 1944 चं साहित्य संमेलन धुळ्याला भरलं, अध्यक्ष मामा वरेरकर, म्हणजे नाटककारच. शाहीर साबळे लहानपणी शिकायला अमळनेरला होते, साने गुरुजींचा सहवास त्यांना तिथेच मिळाला. पुढे गणेशोत्सवातली नाटकं, कॉलेजची एकांकिका, राज्य नाट्यस्पर्धा. फक्त हे सगळं शाळेच्या पटांगणात नाहीतर मंगल कार्यालयात व्हायचं, कारण थेटरमधे दिवसाला तीन-चार शो चालू.

टॉकीज कशी बसली ते सगळ्यांनी पाहिलंय. व्हिडिओ पार्लर, मग केबल, मग डिजिटल प्रोजेक्शन आलं त्याचा खर्च एकपडदावाल्याला झेपेना, 2017 ला जीएसटी आला तेव्हा शंभरच्या वरच्या तिकिटाला 28 टक्के, नंतर तो 18 झाला पण तोवर गाळेवाल्यांनी मालकाच्या वारसांना भाव सांगायला सुरुवात केली होती.

दुरुस्तीचं म्हणाल तर पहिला दुश्मन आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि जोतं तिच्याबरोबर वरखाली होतं, भिंतीला तिरप्या चिरा आहेत त्या त्याच्याच. म्हणून आधी पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब काढायचं, मग चिरा बुजवायच्या. मधे कोणीतरी खालच्या भागाला सिमेंटचं प्लास्टर केलंय, त्याने ओल आत कोंडून विटा भुसभुशीत झाल्यात, ते खरवडून परत चुनाच लावावा लागणार. आणि वायरिंग सगळी नवी, यात काटकसर नको. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी 1915 ला उभं केलेलं, ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत गेलं. जुनं लाकूड, कापडी पडदे, त्याला किती वेळ लागतो.

सध्या वाद अडलाय तो त्या मधल्या भिंतीवर. नाटकवाले म्हणतात पाडा, स्टेज मोकळं करा. पण ज्यांनी साठ वर्षं त्याच भिंतीवर सिनेमे पाहिले, शिट्ट्या मारल्या, चिल्लर उधळली त्यांचं थेटर म्हणजे ती भिंतच. माझं मत पाडायचं, पण केबिन आणि जुना प्रोजेक्टर आहे तसा ठेवून, आणि समोर गुंडाळता येणारा पडदा लावून, म्हणजे दोन्ही होईल. अर्थात इंजिनिअरने आधी सांगायला पाहिजे की छपराची कैची त्या भिंतीवर टेकलीय का नाही. टेकली असेल तर हा वाद आपोआपच मिटला. तोवर निदान पावसाळ्याच्या आत पत्रे बदलून घ्या भो, वारसांनी एवढ्याला तरी तोंडी हो म्हटलंय.