समुद्राचा तळ नेहमी शांत असतो का?

‘वर कितीही वादळ उठो, समुद्राचा तळ शांतच असतो’ हा सुविचार वर्षानुवर्षे फिरतो आहे. संयमाची उपमा म्हणून तो सुंदर आहे, आणि अगदी निराधारही नाही. वाऱ्याने उठलेल्या लाटेची हालचाल खाली जाताना झपाट्याने विरते. दोन माथ्यांमधल्या अंतराच्या निम्म्या खोलीवर ती जवळपास संपते. म्हणजे अंतर २०० मीटर असेल तर १०० मीटर खाली लाट जाणवत नाही. उथळ पाण्यात मात्र तीच लाट तळाची वाळू ढवळून काढते.

खोल तळाला तर स्वतःचीच खळबळ असते. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या समुद्रात भूकंप झाला. उतारावरचा गाळ घसरला, गढूळ पाण्याचा प्रचंड लोट तळावरून धावत सुटला आणि तारायंत्राच्या केबल काही तासांत एकामागून एक तुटत गेल्या. त्या तुटण्याच्या वेळांवरूनच पुढे लोटाचा वेग काढता आला. याहून बोलका पुरावा मला तरी माहीत नाही.

स्वतः पाहायचं असेल तर काचेच्या भांड्यात साधं पाणी भरा, भांडं थोडं कलतं ठेवा आणि वरच्या टोकाला मीठ व माती कालवलेलं पाणी हळूच सोडा. गढूळ लोट तळाला धरून पुढे सरकेल. वरचं पाणी जेमतेम हलेल.