सागवानी बोट गळते कुठून? ‘सुहेली’चा दाखला

बोट दुरुस्तीला आणली की मालक आधी लाकडाबद्दल विचारतात. कुजले नाही ना? कीड नाही ना? सागवान चांगले असेल तर ती काळजी फारशी नसते. आम्ही आधी फळ्यांमधले सांधे आणि खिळे बघतो. कारण समजायला मुंबईतच बांधलेल्या एका बोटीचा इतिहास पुरतो.

‘सुहेली’ कुलाब्याला बांधली गेली आणि डिसेंबर 1964 मध्ये पाण्यात उतरली. लाकूड सागवान, सुतारांच्या हातात वाकस (लाकूड तासायचे हत्यार) आणि दोरीचा सामता (दोरीने फिरवून भोक पाडायचे हत्यार). मागवलेला नकाशा वेगळाच होता. टपालाने आला तो बोटींचे रचनाकार विल्यम अॅटकिन यांचा ‘एरिक’, मग तोच धरला. लांबी 32 फूट 5 इंच, रुंदी 11 फूट 1 इंच, डोलकाठ्या दोन, मागचे टोकही नाळेसारखे, म्हणजे पुढच्या टोकासारखे, निमुळते. शर्यतीची बोट म्हणावी अशी चपळ ती कधीच नव्हती. तरी 14 जून 1968 ला ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून इंग्लंडच्या फालमथहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 ला तिथेच परतले. सुमारे 30,000 सागरी मैल, सरासरी वेग 4 नॉट, म्हणजे ताशी 4 सागरी मैल. ही सफर म्हणजे गोल्डन ग्लोब शर्यत; तीत नऊ जण उतरले होते, पुरी केली ती एकट्या ‘सुहेली’ने.

पण पाणी ती सुरुवातीपासूनच घेत होती. केप व्हर्दे बेटांच्या पुढे नॉक्स-जॉन्स्टन बुडी मारून खाली गेले, तर पठाणाच्या (बोटीच्या तळाचा मधला कणा) लगतचा सांधा दोन्ही बाजूंनी सुमारे 8 फूट उघडा. फळी शाबूत होती, पाणी अडवायला सांध्यात ठासलेला कापूस निघाला होता. बोट हेलकावली की फट उघडायची, मिटायची. पाण्याखाली श्वास टिकेल तेवढ्या वेळात त्यांनी कापूस ठासला, वर डांबर लावलेली कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली आणि ती फाटू नये म्हणून तांब्याची पट्टी चढवली. मधेच शार्क आला, तो बंदुकीने मारावा लागला. भर समुद्रात हा इलाज उत्तमच. किनाऱ्यावर मात्र आम्ही तसा करत नाही: खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी लोखंडी खिळा असला की आधी झिजतो तो खिळा.

पुढे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात बोट ठेवली, तेव्हा उलटेच घडले. कोरड्या, नियंत्रित हवेत फळ्या आकसू लागल्या. शेवटी 2002 मध्ये तिला बाहेर काढून दुरुस्तीला घ्यावे लागले. दक्षिण महासागर सोसलेल्या बोटीला छपराखालचा कोरडेपणा सोसवेना!

आपल्याकडे हेच काम मे महिन्याचे ऊन करते. बोट वर ओढलीत की झापांची सावली करा, हवा खेळती ठेवा, पाणरेषेखाली ओली गोणपाटे टाका. फळीवर तपकिरी ओघळ किंवा खिळ्याभोवती काळे वर्तुळ दिसले तर वरून रंग मारून झाकू नका, आम्हाला दाखवा. तो खिळा आत गंजून बारीक झालेला असतो, बाहेरचे डोके मात्र जागेवर दिसते.

सांधा भरताना आम्ही जुना कापूस आणि त्यावरची लांबी (पुट्टी) पूर्ण काढतो, कडा खरवडतो, कोरड्या सांध्यात रंगाचा पातळ हात देतो. मग पिळलेला कापूस बोथट छिन्नीने आणि लाकडी मोगरीने ठासतो. वरची लांबी थोडी खोलगटच ठेवतो. लाकूड फुगले की ती बाहेर येते, आधीच काठोकाठ भरली तर फुगवटा उरतो. ‘अजून घट्ट ठोका’ असा आग्रह होतो, पण त्याला आमचा ठाम नकार असतो. सुकलेल्या फळीत फार ठासले की भिजल्यावर फळीला फुगायला जागा राहत नाही. ताण खिळ्यांवर येतो, खिळा तुटतो किंवा फळी फासळीपासून सुटते, आणि तो खर्च सांधा भरण्याच्या कितीतरी पट असतो.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोट पाण्यात सोडलीत की पहिले एक-दोन दिवस ती पाणी घेणारच. पंप आणि माणूस तयार ठेवा, पाणी किती वेळाने किती भरते ते लिहून ठेवा. आकडा उतरत गेला तर काही करू नका. तिसऱ्या दिवशीही तेवढाच राहिला तर बोट हलवण्याआधी फोन करा.