केळीच्या बागेचा नवा गेम : अर्धवट आहे तोवरच खेळून पाहा

आमचा बैलगाडीचा गेम तुम्ही घेतलात, घरातल्या पोरांना दिलात, त्यातल्या चुकाही कळवल्यात. आता केळीच्या बागेवरचा नवा गेम तयार होतो आहे. तीन लेव्हल नीट चालतात, चौथी मध्येच बंद पडते, आणि गेमचे नावसुद्धा अजून ठरलेले नाही. बाजारात आणण्याआधी आमच्या ग्राहकांपैकी चाळीस जणांनी तो खेळावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

पूर्ण झाल्यावरच दाखवा ना, असे काही जण म्हणतात. पण पूर्ण झालेल्या गेममध्ये चित्र, आवाज आणि हिशेब एकमेकांत इतके गुंततात की एक धागा ओढला तर दहा सुटतात. पाणी आधी की खत आधी, हा क्रम बदलायला आज एक दुपार पुरते. सहा महिन्यांनी त्यासाठी अर्धा गेम उकलावा लागेल.

यावल तालुक्यातल्या एका केळीवाल्या काकांना आम्ही पहिली लेव्हल खेळायला दिली. त्यांनी एकही बटण दाबले नाही. स्क्रीनकडे पाहिले आणि म्हणाले, "घड उलटा काढलाय भाऊ." खरेच होते. दुकानात टांगलेली फणी पाहून आम्ही केळ्यांची टोके खाली दाखवली होती. झाडावर घड खाली लोंबतो, पण केळी मात्र वर वळलेली असतात. आम्ही चौघे आठ महिने रोज तेच चित्र पाहत होतो आणि चौघांच्याही नजरेतून ते सुटले.

दुसरी चूक बोलीची. आमचे संवाद लिहिणारा मित्र धुळ्याकडचा, त्यामुळे रावेरच्या शेतकऱ्याच्या तोंडीही त्याने अहिराणी 'शे' (म्हणजे 'आहे') घातला. फैजपूरच्या एका ताईंनी पहिल्याच वाक्याला थांबवले, "आमच्याकडे असं बोलत नाहीत." रावेर-यावलकडची लेवा बोली वेगळी आणि धुळे-साक्रीची अहिराणी वेगळी. ते सगळे संवाद आम्ही काढून टाकले आणि त्या ताईंनाच बसवून नव्याने लिहिले. बाहेरून कोणी 'सगळं खान्देशीच' म्हणेल, पण आम्हाला तसे चालणार नाही.

तिसरी गोष्ट उन्हाची, आणि इथे तुमची सर्वात जास्त गरज आहे. गेम सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, म्हणजे एका चित्रासाठी फोनला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि गेम अडखळतो. आमच्या ऑफिसात पंख्याखाली सगळे सुरळीत चालते. पण मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बांधावर बसून खेळणाऱ्याच्या चार वर्षे जुन्या फोनचे काय होते, ते आम्हाला घरबसल्या कळणार नाही. भर उन्हात गडद हिरवी बटणे दिसतात का, हेही तुम्हीच सांगू शकाल. म्हणून महागडा फोन असणाऱ्यांइतकेच जुना, काच तडकलेला फोन वापरणारेही आम्हाला हवे आहेत.

करायचे एवढेच : सलग १४ दिवस रोज थोडा वेळ खेळायचे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या, गेम बनवणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावरून गेम आणायचा तर किमान १२ जणांनी १४ दिवस चाचणी केलेली असावी, असा गुगल प्लेचा नियम आहे. आमचे खाते तसेच आहे. नियमापुरते बारा मित्र गोळा करणे सोपे आहे, पण मित्र 'भारी आहे' म्हणतात आणि त्यातून आमच्या हाती काही लागत नाही.

तुम्ही भारी म्हणा किंवा म्हणू नका, पण कुठे अडलात ते नक्की सांगा. कुठे कंटाळा आला, कोणते बटण दोनदा दाबावे लागले, फोन कुठे ठेवून दिलात. उपाय सुचला नाही तरी चालेल, तो शोधणे आमचे काम. अडलेल्या जागेचा स्क्रीनशॉट आणि फोनचे मॉडेल पाठवले तर चूक लवकर सापडते.

सगळ्या सूचना आम्ही वाचू, पण सगळ्या मानता येणार नाहीत. तरुण मुले म्हणतात, बाग पाच मिनिटांत कापणीला यावी. शेतकरी म्हणतात, वर्षभराचे पीक पाच मिनिटांत आले तर ती केळी कसली? आम्ही सध्या एका पिकाला चाळीस मिनिटे ठेवली आहेत. थंडीतला चरका, म्हणजे कडाक्याच्या थंडीने केळीला होणारी इजा, मात्र शेतकऱ्यांच्या आग्रहामुळेच आला, आणि नवतीनंतर (नव्या लागवडीच्या पहिल्या पिकानंतर) पिलबाग (त्याच झाडांच्या पिलांवरचे पुढचे पीक) राखायची सोयही त्यांनीच मागितली. एखादी सूचना घेतली नाही, तर का घेतली नाही तेही कळवू.

अर्धवट गेम आहे, तेव्हा तो मध्येच हँग होईल. नवे अपडेट आले की तुमची सेव्ह केलेली बाग पुसली जाईल. त्याची आधीच माफी मागतो.

यात पैसे लावायचे काही नाही. तसल्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी आम्ही तो बनवला नसता. चाचणीत तुमच्याकडून एक रुपयाही घेणार नाही. चाचणीतले अभिप्राय प्ले स्टोअरवर बाकीच्यांना दिसत नाहीत, तेव्हा मोकळेपणाने लिहा. १८ वर्षांखालील मुलांची नावे पालकांनीच द्यावीत आणि संमतीचा कागद सही करून आणावा.

ज्यांना फोनवर लिहिणे जमत नाही, त्यांनी शनिवारी दुपारी आमच्या जळगावच्या ऑफिसात यावे. तुम्ही खेळाल, आम्ही शेजारी गप्प बसून पाहू आणि वहीत लिहू. मदत करायचा मोह आवरू, कारण घरी खेळताना आम्ही शेजारी नसणार. चोपडा, अमळनेर, शहादा कुठूनही आलात तरी जाण्यायेण्याचे एसटी भाडे आम्ही देऊ.

नाव नोंदवायला ज्या मोबाइल दुकानातून हे पत्रक मिळाले, तिथल्या वहीत नाव, गाव आणि फोनचे मॉडेल लिहून ठेवा. गेमसाठी एखादे नाव सुचत असेल तर तेही त्याच ओळीत लिहा.