एबीआय३ आलं कुठून: पायथॉनच्या सी एक्स्टेन्शनची पार्श्वभूमी

पायथॉनमधून सी कोड कॉल करायची सोय, म्हणजे सी एक्स्टेन्शन, सुरुवातीपासूनच आहे. आधी रॅपर, म्हणजे दोन भाषांना जोडणारा मधला कोड, हाताने लिहायचे, मग ते काम सोपं करणारी टूल्स आली: १९९६ला स्विग, २००६ला पायथॉन २.५ सोबत सीटाइप्स, २००७ला सायथॉन. त्यामुळे रॅपर लिहिणं ही मोठी अडचण राहिलीच नव्हती. अडचण होती की आज बिल्ड केलेली फाइल (बायनरी) पायथॉनच्या पुढच्या व्हर्जनवर चालणार का? एबीआय३ आलं ते याच अडचणीतून.

बहुतेकदा नाही चालायची. म्हणजे बघा, लिस्टमधला आयटम काढायला एक मॅक्रो (कंपाइल होताना जागेवरच उलगडणारा कोड) आहे, तो फंक्शन कॉल करतच नाही, थेट स्ट्रक्टच्या, म्हणजे मेमरीतल्या फील्डच्या मांडणीच्या, आत हात घालून पॉइंटर उचलतो. फास्ट आहे, पण त्या स्ट्रक्टमध्ये कुठलं फील्ड कितव्या बाइटवर आहे हे तुमच्या बायनरीत कायमचं छापलं जातं. पुढच्या व्हर्जनमध्ये कुणी एक फील्ड हलवलं की इम्पोर्ट होतं, सगळं ठीक वाटतं आणि मध्येच सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून क्रॅश), ट्रेसबॅक वगैरे काही नाही, प्रोसेसच गेलेली.

यावर उपाय म्हणून फेब्रुवारी २०११मध्ये पायथॉन ३.२ सोबत दोन गोष्टी आल्या आणि त्यांच्या नावांचा घोळ आजही चालू आहे. लिमिटेड एपीआय आणि स्टेबल एबीआय, लोक सर्रास एकाच अर्थाने वापरतात पण तसं नाहीये. लिमिटेड एपीआय हा सोर्सचा नियम: पायथॉनची हेडर फाइल (सी कोडला काय वापरता येईल त्याची यादी) घ्यायच्या आधी एक मॅक्रो डिफाइन करायचा, मग हेडर आतल्या गोष्टी लपवतं, स्ट्रक्टमध्ये हात घालणारा कोड कंपाइलच होत नाही. स्टेबल एबीआय हे बायनरीबद्दलचं वचन: त्या नियमात बिल्ड केलेली फाइल पुढच्या ३.x व्हर्जनवर लोड होईल. पुढच्या, मागच्या नाही, ३.९ धरून बिल्ड केलेली फाइल ३.८वर चालेल याची हमी नाही. अशा फाइलीच्या नावात जो टॅग असतो तोच एबीआय३, आणि त्यातला ३ म्हणजे एबीआयची तिसरी आवृत्ती नव्हे, तो पायथॉन ३चा आहे.

माझ्या मते खरी चूक वचनात नाही, वचनात काय घेतलं नाही त्यात झाली. बफर, म्हणजे ॲरेची मेमरी कॉपी न करता दुसऱ्याला दाखवायची सोय, लिमिटेड एपीआयमध्ये आली ३.११ला, २०२२मध्ये. तब्बल ११ वर्षं! आकडेमोड करणाऱ्या लायब्रऱ्यांना नेमकं तेच लागतं, म्हणजे ज्यांच्या बायनरी सगळ्यात जड आणि बिल्ड करायला सगळ्यात किचकट, तेच बाहेर राहिले. मग प्रत्येक पायथॉन व्हर्जनला वेगळं व्हील (इन्स्टॉल करायची तयार फाइल), त्यात लिनक्स, विंडोज, मॅक, त्यात इंटेल आणि आर्म, एका रिलीजला डझनांनी फाइली. सी++साठी रॅपर बनवणाऱ्या पायबाइंड११ने लिमिटेड एपीआय कधी धरलंच नाही, नंतरच्या नॅनोबाइंडने धरलं, तेही ३.१२पासून पुढेच. क्रिप्टोग्राफीसारख्या पॅकेजने मात्र एबीआय३ वापरलं आणि एका प्लॅटफॉर्मची एकच फाइल बऱ्याच व्हर्जनना पुरली.

ऑक्टोबर २०२४मध्ये ३.१३ आलं, सोबत जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन कोड चालवू देणारं कुलूप) नसलेलं प्रायोगिक बिल्ड. त्यात रेफरन्स काउंट, म्हणजे एक ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा, ठेवायची पद्धतच बदलली, म्हणून प्रत्येक ऑब्जेक्टच्या सुरुवातीचं स्ट्रक्टही बदललं, आणि ते तर एबीआय३ने बनवलेल्या बायनरीतही गृहीत धरलेलं होतं. त्यामुळे या बिल्डवर एबीआय३ची फाइल चालत नाही. त्याच्यासाठी सीपी३१३टी टॅगचं (३.१३च्या या बिल्डचा टॅग) वेगळं व्हील बनवावं लागतं, ज्यांचं एका फाइलीत भागत होतं त्यांनासुद्धा.