पार्श्वभूमी : घरातलं कॉकपिट आणि खऱ्या विमानाच्या यंत्रणा

घरच्या संगणकावर तासन्‌तास विमान उडवणाऱ्या हौशी माणसाला खऱ्या विमानाच्या यंत्रणा समजतात का, हा विषय निघाला की दोन्ही बाजू लगेच टोकाला जातात. एक म्हणते, शेवटी खेळच तो. दुसरी म्हणते, मी बॅटरीच्या स्विचपासून सुरुवात करून बोइंग ७३७ ची दोन्ही इंजिनं चालू करू शकतो, आणखी काय हवं? या वादात सिम्युलेटरमध्ये, म्हणजे उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्रात किंवा संगणकावरच्या कार्यक्रमात, आजवर कोणी, कधी आणि कशासाठी काय भरलं, हे पाहायचं राहून जातं. तो इतिहास पाहिला की माझा कौल हौशी मंडळींच्या बाजूने पडतो. पण एका ठरावीक जागेपर्यंतच, आणि ती जागा कोणती हे सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सुरुवातीच्या सिम्युलेटरांत यंत्रणा, म्हणजे विमानातलं इंधन, वीज, हवा यांची व्यवस्था, नावाची गोष्टच नव्हती. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानांवर शिकणाऱ्यांसाठी लाकडी पिंपाचे अर्धे तुकडे एकावर एक बसवून एक साधन केलं होतं. शिकाऊ माणूस वर बसायचा, मदतनीस ते हलवायचे आणि त्याने हाताशी असलेली चाकं फिरवून तोल सावरायचा. एडविन लिंकने १९२९ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनला बनवलेलं यंत्र याच्या कितीतरी पुढे होतं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि यांत्रिक पियानोंचा कारखाना होता. हवेच्या भात्यांची तिथली विद्या त्याने विमान डुलवायला वापरली. पण विमानवाल्यांनी आधी दाद दिली नाही, आणि पहिली काही यंत्रं करमणुकीच्या बागांत गेली. १९३४ मध्ये हवाई टपालाचं काम अमेरिकी लष्कराकडे आलं. केवळ उपकरणं पाहून उडण्याचा सराव नसलेले वैमानिक खराब हवेत एकामागून एक मरू लागले, तेव्हा कुठे लष्कराने लिंकची सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात ती हजारोंनी बनली. ढगात शिरल्यावर शरीराचं न ऐकता उपकरणावर भरवसा ठेवायचा, हा मोठा धडा त्यांनी दिला. इंधन कुठून येतं, वीज कुठून मिळते, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

यंत्रणांच्या बाबतीत मोठं पाऊल पडलं ते १९४८ मध्ये. पॅन अमेरिकन कंपनीने बोइंग ३७७ स्ट्रॅटोक्रूझरच्या कॉकपिटची पूर्ण प्रतिकृती कर्टिस-राइटकडून करून घेतली. ती हलत नव्हती, आणि खिडकीबाहेर काही दिसतही नव्हतं. पण आत बसलेल्यांसाठी ते स्ट्रॅटोक्रूझरच होतं, आणि प्रशिक्षक हवा तो बिघाड मध्येच घालू शकत होता. या विमानाला चार इंजिनं आणि प्रत्येक इंजिनात २८ सिलिंडर. त्यांची उष्णता, दाब, इंधन सांभाळणं हे फ्लाइट इंजिनिअरचं पूर्णवेळ काम होतं, आणि तेच काम आता जमिनीवर, जीव धोक्यात न घालता शिकता येऊ लागलं. घरच्या हौशी माणसाचा पूर्वज शोधायचा तर तो इथे शोधावा असं मला वाटतं. पुढे हायड्रॉलिक पायांवर हलणारी अवाढव्य सिम्युलेटरं आली, पण घरातलं टेबल-खुर्चीवरचं कॉकपिट या न हलणाऱ्या खोलीच्याच जवळचं आहे.

घरातली शाखा मात्र स्वतंत्रपणे उगवली. ब्रूस आर्टविक यांनी इलिनॉय विद्यापीठात १९७५ मध्ये संगणकावर उड्डाणाचं दृश्य काढण्यावर प्रबंध लिहिला. त्यातून अॅपल-२ साठीचं पहिलं फ्लाइट सिम्युलेटर निघालं आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने त्याची आयबीएम पीसीसाठीची आवृत्ती आली. या सगळ्यात भर होता तो दृश्यावर आणि उडण्याच्या गणितावर. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरने नव्वदीत पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावरचं वायुबल मोजायची पद्धत आणली, तीही उडण्याचीच बाजू. विमानाच्या पोटातल्या यंत्रणा पुष्कळ वर्षं नाममात्र राहिल्या. पॅनेलवरची कितीतरी बटणं नुसती चित्रं असायची.

मग दरम्यान खरी विमानं बदलली, आणि हा बदल मला या सगळ्या गोष्टीचा कणा वाटतो. १९८८ मध्ये एअरबस ए-३२० आणि १९८९ मध्ये बोइंग ७४७-४०० सेवेत आलं. ७४७ च्या कॉकपिटमधला फ्लाइट इंजिनिअर गेला. त्याचं बरंचसं काम संगणकांनी घेतलं आणि उरलेलं पडद्यावर आलं. बटण दाबलं की अटी तपासल्या जातात, झडप उघडते, दिवा लागतो किंवा विझतो. म्हणजे खऱ्या विमानातली यंत्रणा वैमानिकासमोर जशी येते, ती स्वतःच एक तर्कसाखळी झाली. अशी साखळी घरच्या संगणकावर हुबेहूब उतरवता येते. अठ्ठावीस सिलिंडरच्या इंजिनाचा लहरीपणा तसा उतरवता येत नाही.

याच काळात वैमानिकांचं प्रशिक्षणही पातळ होत गेलं. पूर्वी वर्गात विमान जणू नटाबोल्टापासून शिकवलं जायचं. नंतर ‘माहीत हवंच’ आणि ‘माहीत असलं तर बरं’ अशी विभागणी झाली, आणि दुसऱ्या भागाला कात्री लागली. याला कारणही होतं. बिघाडात वैमानिकाने स्वतःच्या डोक्याने दुरुस्ती करत बसू नये, चेकलिस्टप्रमाणे चालावं, हे जास्त सुरक्षित ठरतं. पण त्यामुळे असं झालं की ‘माहीत असलं तर बरं’ हा भाग आवडीने वाचणारा माणूस कधीकधी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये नसून घरी बसलेला असतो.

नव्वदीतच एअरोविन्क्स या कंपनीचं घरच्या संगणकासाठीचं ७४७-४०० सिम्युलेटर आलं होतं. देखाव्याला त्यात जवळपास काहीच महत्त्व नव्हतं, सगळा जीव यंत्रणांत होता. मग २००० नंतर मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरवर बसवायची तपशीलवार विमानं आली: पीएमडीजी या कंपनीची ७३७ आणि ७४७, लेव्हल-डी या कंपनीची ७६७. २०२० पासून फ्लायबायवायर गटाने ए-३२० निओ मुक्त स्रोत पद्धतीने बनवायला घेतलं. तिथे तर यंत्रणेचा तर्क ज्या ओळींत लिहिला आहे त्याच कोणालाही उघडून वाचता येतात.

यातून हौशी माणूस काय शिकतो, ते एका साध्या गोष्टीत पाहू. ७३७ मध्ये इंधनाच्या तीन टाक्या आहेत, दोन पंखांत आणि एक मधे. सगळे पंप एकदम चालू असले तरी आधी मधली टाकी रिकामी होते, कारण मधल्या पंपांचा दाब पंखांतल्या पंपांपेक्षा जास्त ठेवलेला आहे. कोणती टाकी आधी वापरायची हे ठरवायला वेगळा संगणक लागत नाही, दाबातला फरकच ते काम करतो. तसंच इंजिन सुरू करण्याचं. इंजिन फिरवायला दाबाखालची हवा लागते, तीच हवा वातानुकूलनाचे पॅक (केबिनची हवा थंड करणारी यंत्रं) वापरतात, म्हणून सुरू करताना पॅक बंद करायचे. विसरलात तर इंजिन हवं तितक्या वेगाने फिरत नाही, आणि तशात इंधन सोडलं तर तापमान भराभर चढतं. ७३७ वरच्या सीएफएम ५६-७ इंजिनाची सुरू होतानाची तापमान-मर्यादा ७२५ अंश सेल्सिअस आहे. चांगल्या सिम्युलेटरवर एकदा ही चूक करून पाहिलेला माणूस पॅक का बंद करायचे हे विसरत नाही. हे समजणं खरं आहे. त्याला नुसतं बटणं पाठ करणं म्हणणं अन्यायाचं होईल.

एक पायरी खाली उतरलं की मात्र चित्र बदलतं. विमानाची जडत्वीय दिशादर्शन प्रणाली (बाहेरच्या खुणांशिवाय, स्वतःची हालचाल मोजून विमान कुठे आहे ते सांगणारी) सुरू केल्यावर काही मिनिटं विमान हलवायचं नसतं. हौशी माणूसही ही मिनिटं इमानाने थांबतो. खऱ्या विमानात त्या वेळात ती यंत्रणा गुरुत्वाकर्षणावरून खाली कुठे हे ठरवते आणि पृथ्वीचं फिरणं मोजून खरी उत्तर दिशा शोधते. त्यातूनच तिला अक्षांशाचा पडताळा घेता येतो. रेखांश मात्र मोजता येत नाही, तो बाहेरून सांगावा लागतो. ध्रुवांकडे जाल तशी वाट पाहण्याची वेळ वाढते, कारण पृथ्वीच्या फिरण्याचा आडवा भाग तिथे कमी पडतो. घरच्या सिम्युलेटरला विमान कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं. तिथे सहसा एक घड्याळ उलटं चालत असतं. पडद्यावर दोन्ही ठिकाणी सारखंच दिसतं, आणि फरक कळायला सिम्युलेटर बंद करून वाचावं लागतं. पुष्कळ हौशी माणसं ते वाचतात, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्यांची जिज्ञासा हीच या छंदाची खरी कमाई आहे.

आता ती ठरावीक जागा. सिम्युलेटर बनतो तो मुख्यतः मॅन्युअल आणि आराखड्यांवरून. आराखड्यात कोणती गोष्ट कशाला जोडली आहे ते असतं. ती विमानात कुठे आहे आणि तिच्या शेजारी काय आहे, ते नसतं. मोठ्या अपघातांच्या चौकशीत हे शेजारपण पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. १९ जुलै १९८९ ला युनायटेड या अमेरिकी कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या उड्डाणाच्या डीसी-१० विमानात शेपटीतल्या इंजिनाचा पंखा फुटला. आराखड्यावर या विमानाच्या तीन हायड्रॉलिक प्रणाली (द्रवाच्या दाबाने विमानाचे वळवणारे भाग हलवणाऱ्या) एकमेकींपासून स्वतंत्र होत्या. प्रत्यक्षात तिघींच्या नळ्या शेपटीत जवळजवळ होत्या, आणि तुकड्यांनी तिन्ही निकामी केल्या. वैमानिकांनी केवळ इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान अमेरिकेतल्या सू सिटीपर्यंत आणलं. २९६ पैकी ११२ जण गेले, १८४ वाचले. नंतर इतर वैमानिकांना व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये तीच परिस्थिती देऊन पाहिली, तेव्हा चौकशीकर्त्यांचा निष्कर्ष असा होता की असं उतरणं शिकवता येण्याजोगं नाही.

टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीच्या ८०० क्रमांकाच्या उड्डाणाचंही तसंच. १७ जुलै १९९६ ला या ७४७ च्या मधल्या टाकीतल्या बाष्पाचा स्फोट झाला आणि २३० माणसं मृत्युमुखी पडली. टाकी जवळपास रिकामी होती, आणि तिच्या खालीच असलेल्या वातानुकूलनाच्या पॅकनी ती जमिनीवर असतानाच तापवली होती. कॉकपिटमध्ये इंधन आणि वातानुकूलन ही दोन वेगळी पॅनेलं आहेत, मॅन्युअलमध्ये दोन वेगळी प्रकरणं. सिम्युलेटरमध्ये टाकी म्हणजे उरलेल्या इंधनाचा आकडा. त्या आकड्याला बाष्प नसतं, आणि खालून उष्णताही लागत नाही.

आणि जे मॅन्युअलमध्येच नाही ते कोणालाच दिसत नाही. ७३७ मॅक्समधली एमकॅस ही विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारी प्रणाली वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये समजावून दिलेली नव्हती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ जीव गेले. मे २०१९ मध्ये बोइंगने मॅक्सच्या प्रशिक्षण सिम्युलेटरांच्या सॉफ्टवेअरमध्येही दुरुस्ती केल्याचं सांगितलं. म्हणजे कोट्यवधी खर्चाचं प्रमाणित यंत्रही, त्यात भरलेल्या माहितीपुरतंच खरं असतं. या बाबतीत घरचं आणि प्रमाणित सिम्युलेटर यांत फरक आहे तो कमी-जास्तीचा.

हाताच्या अनुभवाचं थोडक्यात सांगतो. बहुतेक घरच्या जॉयस्टिकमधली स्प्रिंग तिला कायम त्याच मध्यावर आणते. केबलवर चालणाऱ्या विमानात ट्रिम (दांडा सतत धरून ठेवावा लागू नये म्हणून केलेली जुळवणी) फिरवला की हातावरचा जोर उतरतो. ट्रिम म्हणजे काय, हे त्या उतरणाऱ्या जोरात कळतं. ए-३२० च्या साइडस्टिकमध्ये (बाजूला असलेल्या छोट्या दांड्यात) मुळात स्प्रिंगच आहे, म्हणून तिथे घरचा अनुभव खऱ्याच्या पुष्कळ जवळ जातो.

नियम करणाऱ्यांनी हा भेद केव्हाच ओळखला आहे. अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेने १९९७ मध्ये संगणकावर चालणाऱ्या मान्य साधनावरचे १० तास इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (केवळ उपकरणं पाहून उडण्याच्या परवान्यासाठी) धरायला परवानगी दिली. आज साध्या साधनावरचे १० आणि प्रगत साधनावरचे २० तास धरले जातात. साधन मान्यताप्राप्त हवं आणि प्रशिक्षक सोबत हवा. घरी एकट्याने उडवलेले तास यात मोजत नाहीत.

यंत्रणा समजून घ्यायच्या असणाऱ्या हौशी माणसाला पुढची वाट मला अपघातांच्या अधिकृत अहवालांत दिसते. ४ नोव्हेंबर २०१० ला सिंगापूरहून निघालेल्या क्वांटास ३२ या ए-३८० चं दुसऱ्या क्रमांकाचं इंजिन विमान इंडोनेशियातल्या बाटम बेटाच्या वर असताना फुटलं. त्याच्या तुकड्यांनी पंखातल्या तारा तोडल्या आणि इंजिनाशी संबंध नसलेल्या प्रणालींचेही इशारे पडद्यावर येत राहिले. ते निस्तरायलाच सुमारे ५० मिनिटं लागली. विमान सुखरूप उतरलं, तरी पहिल्या क्रमांकाचं इंजिन बंद होईना, इतकं तारांचं नुकसान झालं होतं. मूळ कारण निघालं ते तेलाच्या एका छोट्या नळीत. तिला आतून पाडलेलं भोक मध्यावर नव्हतं, त्यामुळे एका बाजूची भिंत पातळ राहिली आणि तिथे तडा गेला. कॉकपिटमध्ये तेलाचा दाब, तापमान आणि प्रमाण दिसतं, नळीच्या भिंतीची जाडी दिसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबी या अपघात-चौकशी संस्थेचा २०१३ चा अंतिम अहवाल त्या नळीच्या छेदापासून पंखातल्या तारांच्या मार्गापर्यंत सगळं आकृत्यांसह दाखवतो, आणि तो कोणालाही मोफत वाचता येतो.