रंगांधांसाठीचे चष्मे

लाल आणि हिरव्या रंगांत गल्लत होणाऱ्यांना त्यांतला फरक ठळक दिसावा म्हणून बनवलेले, विशिष्ट प्रकाश गाळणाऱ्या काचांचे चष्मे. त्यांनी रंगांधता बरी होत नाही. चष्मा उतरवला की दिसणे पूर्ववत.

डोळ्यातल्या दृष्टिपटलावरच्या, रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. शेवटच्या दोन प्रकारांत मुळातच अंतर थोडे. जन्मजात रंगांधतेच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या रूपात ते आणखी घटते आणि दोन्ही पेशी मेंदूला जवळजवळ एकच निरोप देतात. हा दोष क्ष गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत तो कितीतरी जास्त आढळतो आणि मामाची रंगांधता भाच्यात उतरलेली दिसते. चष्म्याची काच दोन्ही पेशींना सारखाच चेतवणारा, पिवळ्याच्या आसपासचा अरुंद पट्टा अडवते. उरलेल्या प्रकाशात लाल आणि हिरवा एकमेकांपासून थोडे दूर सरकतात. काच प्रकाश फक्त कमी करते, नवा रंग आणत नाही. त्यामुळे ज्यांच्यात एका प्रकारच्या पेशी अजिबात नसतात, त्यांना या चष्म्याचा फारसा उपयोग होत नाही.

कल्पना जुनी आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८५५ मध्ये एका डोळ्यासमोर लाल आणि दुसऱ्यासमोर हिरवी काच धरण्याचे सुचवले होते. १९७१ मध्ये एकाच डोळ्यात घालायची लाल कॉन्टॅक्ट लेन्स आली. आजचे चष्मे मात्र लेझर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या संरक्षक चष्म्यांतून निघाले. काचतज्ज्ञ डॉन मॅकफर्सन यांनी तसा चष्मा रंगांध मित्राला घालायला दिला आणि मित्राला मैदानावरचे नारिंगी शंकू उठून दिसले. त्यातूनच पुढे अमेरिकेत एनक्रोमा ही कंपनी उभी राहिली. स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासाने मात्र असे दाखवले, की हे चष्मे रंग वेगळे भासवतात, पण रंगदृष्टी सामान्य माणसासारखी करत नाहीत.

पुण्यात हा फरक रोजच्या व्यवहारात जोखता येतो. महात्मा फुले मंडईत रंगांध माणूस टोमॅटो अंगठ्याने दाबून घेतो, कारण कच्चा आणि पिकला त्याला एकाच मातकट रंगाचे दिसतात. भर उन्हात चष्मा घातला की पिकलेले फळ ढिगातून पुढे येते. गाळ्याच्या आत, ट्यूबलाइटखाली, तीच काच नुसता अंधार वाढवते. लक्ष्मी रोडवर साडी दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात पाहण्याची रीत आहेच. या चष्म्यासाठी ती अधिकच लागू पडते. मरून आणि तपकिरी काठ वेगळे दिसू लागले, तरी आधी वेगळ्या दिसणाऱ्या एखाद्या जोडीत नवा घोटाळा होऊ शकतो. विकत घेण्याआधी आपल्या घरातली चार कापडे घेऊन दिवसाउजेडी काच पारखावी. नुसत्या रंगांधता तपासण्याच्या, ठिपक्यांत आकडा दडवलेल्या इशिहाराच्या पाट्यांवरून निर्णय घेऊ नये. गाळणी लावली की पाटीवरचा आकडा कधी कधी दिसतो, पण रस्त्यावरचे रंग त्या पाटीसारखे नसतात.

याच कारणाने सैन्यदलांच्या किंवा रेल्वेच्या रंगदृष्टीच्या चाचणीत या चष्म्याचा आधार चालत नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची तयारी करणाऱ्या मुलाने त्यावर भिस्त ठेवू नये, हे त्याला वेळेवर सांगणे घरच्यांचे काम आहे. वाहन परवान्याचे नियम मात्र २०२० मध्ये सैल झाले आणि सौम्य व मध्यम रंगांधतेला वाट मिळाली.

रंगांधांची खरी अडचण काचेपेक्षा नियमांत असते, हे पुण्यातच दिसले. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका उमेदवाराला रंगांधतेमुळे प्रवेश नाकारला होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश देण्यास सांगितले आणि संस्थेचे सर्व अभ्यासक्रम रंगांधांसाठी खुले करण्याचा आदेश दिला. चित्रपट अनेकांच्या हातून घडतो, रंगाची अडचण सहायकाच्या मदतीने सुटू शकते, अशी त्यामागची भूमिका होती. ही वाट चष्म्यातून नव्हे, नियम बदलून खुली झाली.