नफ्याच्या आलेखातला खोटा खड्डा

ऑनलाइन ट्रेडिंगच्या कुठल्याही प्लॅटफॉर्मवर खातेदाराचं लक्ष सगळ्यात आधी जातं ते नफ्याच्या आलेखाकडे. महिनाभर निवांत चढत आलेली रेघ एखाद्या दिवशी मध्येच सरळ खाली येते आणि पुढच्याच बिंदूला पुन्हा पूर्वीच्या जागी जाऊन बसते. बाजार शांत होता. खातेदाराने काही विकलेलं नव्हतं, एक छोटीशी खरेदी तेवढी केली होती. मग हा तोटा आला कुठून आणि गेला कुठे? असे खोटे खड्डे शोधणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ही रेघ पाहून माणसं पैशांचे निर्णय घेतात. आणि या शोधातली मोठी सोय अशी, की चूक आलेखात कोणता आकार घेते ते नीट पाहिलं तर ती जन्मली कुठे हे बहुतेक वेळा कळतं.

आधी हा आकडा बनतो कसा ते पाहू. खात्यातली रोख, अधिक हातातल्या शेअरची त्या क्षणीची किंमत, अधिक आजवर काढून घेतलेले पैसे, वजा बाहेरून भरलेले पैसे. उरेल तो नफा. हे आकडे बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेले असतात. खातेदार दर वेळी आलेख उघडेल तेव्हा सगळे व्यवहार पहिल्यापासून मोजत बसणं वेळखाऊ, म्हणून प्लॅटफॉर्म ठरावीक अंतराने हिशेब करून एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचा आकडा, जतन करतो. आपल्याला दिसते ती या स्नॅपशॉटना जोडणारी रेघ.

आता समजा, खात्यात रोख १००० आहेत आणि शेअर एकही नाही. खातेदार ४०० चे शेअर घेतो. रोख ६००, शेअर ४००, बेरीज तीच १०००. नफा जागचा हलायला नको. पण स्नॅपशॉट घेणारा प्रोग्रॅम नेमका त्याच वेळी कामाला लागलेला असतो. तो आधी शेअरची यादी वाचतो, तिथे अजून शून्य आहे. पुढच्या काही मिलिसेकंदांत खरेदी पूर्ण होते. मग तो रोख वाचतो: ६००. बेरीज ६००, आणि आलेखात ४०० चा खड्डा. त्याने रोख आधी आणि शेअर नंतर वाचले असते, तर १००० अधिक ४०० असे १४०० भरले असते आणि खड्ड्याऐवजी सुळका दिसला असता. म्हणजे खड्ड्याची खोली व्यवहाराची रक्कम सांगते, आणि रेघ वर गेली की खाली यावरून प्रोग्रॅमने काय आधी वाचलं तेही कळतं. वाचलेले दोन्ही आकडे खरे होते, फक्त एकाच क्षणाचे नव्हते. यावरचा उपाय जुना आणि भरवशाचा आहे: दोन्ही आकडे डेटाबेसकडून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच अखंड कामात, एकाच क्षणाच्या स्थितीतले मागायचे.

दिसायला असाच, पण मुळात वेगळा असा दुसरा खड्डा असतो. एखाद्या शेअरची किंमत त्या तासाला मिळालीच नाही आणि प्रोग्रॅमने रिकाम्या जागी शून्य धरलं, तर तो शेअर बाळगणाऱ्या सगळ्यांच्या आलेखात एकाच वेळी खड्डा पडतो. खोली प्रत्येकाकडच्या त्या शेअरच्या पूर्ण किमतीइतकी. म्हणून तक्रार एकाची आली तरी मी पहिला प्रश्न हाच विचारेन, की त्याच वेळी आणखी कोणाकोणाची रेघ हलली?

दोन खड्ड्यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळेलच असं नाही, कारण खरे चढउतार त्यात मिसळलेले असतात. तेव्हा मूळ व्यवहारांच्या नोंदींकडे जायचं. खरेदी, विक्री, भरणा, काढलेली रक्कम, सगळं क्रमाने पुन्हा मोजायचं आणि दाखवलेल्या नफ्यातून हा नव्याने काढलेला नफा वजा करायचा. उरलेल्या फरकाचाच आलेख काढायचा. जे खरं होतं ते दोन्हीकडे सारखं असल्याने वजा होऊन जातं आणि चूक एकटी उरते. एकाच बिंदूपुरती उसळी असेल, तर वर सांगितल्यासारखं काहीतरी घडलंय. फरक एकदा वर जाऊन कायम तिथेच राहिला, तर संशय नोंदीवर: नेटवर्क अडखळल्यामुळे काढलेली तीच रक्कम बेरजेत दोनदा धरली गेली असेल, किंवा बाहेरून भरलेले पैसे नफ्यात धरले गेले असतील.

फरक हळूहळू, न थांबता वाढत जाणं हा यातला सगळ्यात फसवा प्रकार. रोज चूक इतकी लहान असते, की कोणी तक्रारच करत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे जानेवारी १९८२ मध्ये १००० अंकांवर नवा निर्देशांक सुरू झाला. दिवसाला सुमारे ३००० वेळा तो नव्याने मोजला जाई आणि दर वेळी दशांशानंतरचे तीन अंक ठेवून पुढचे सरळ छाटून टाकले जात. जवळच्या अंकाला पूर्ण केलं असतं, तर कधी थोडं वाढलं असतं, कधी घटलं असतं. छाटल्यामुळे मात्र आकडा फक्त घटतच राहिला. एका मोजणीत सरासरी ०.०००५ इतकी घट, म्हणजे दिवसाला दीड अंकाच्या आसपास. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या घरात होता. दुरुस्ती केल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२. जवळजवळ दोन वर्षांत थोडा वर गेलेला बाजार निम्म्यावर आलेला दिसत होता!

चूक आहे हे कळलं, पण ती शिरली कधी? दोन वर्षांच्या प्रत्येक तासाची नोंद म्हणजे साडेसतरा हजार स्नॅपशॉट. एकेक तपासायची गरज नसते. मधला स्नॅपशॉट काढायचा आणि त्यात चूक आधीच आली आहे का ते पाहायचं. आली असेल तर आधीचा अर्धा भाग घ्यायचा, नसेल तर नंतरचा. दर पायरीला निम्मा ढीग बाद होतो आणि पंधरा पायऱ्यांत नेमका तास हाती लागतो. मात्र एकदा शिरलेली चूक टिकून राहत असेल तरच ही युक्ती चालते. येऊन जाणारे खड्डे तिने सापडत नाहीत.

वेळेच्या चुका लवकर ओळखू येतात. बरेच संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, काही प्रणाली मात्र मिलिसेकंद मोजतात. सेकंदांचा आकडा मिलिसेकंद समजून वाचला, की आजचा व्यवहार थेट जानेवारी १९७० मध्ये जाऊन पडतो आणि आलेखाला डावीकडे अनेक दशकांची सपाट शेपटी फुटते.

विचित्र दिसणारं सगळं खोटंच असतं असंही नाही. ६ मे २०१० रोजी अमेरिकेत डाऊ जोन्स निर्देशांक काही मिनिटांत कोसळला, दिवसभरातली घसरण सुमारे १००० अंकांपर्यंत गेली आणि बराचसा भाग लगेच भरूनही निघाला. ते व्यवहार खरोखर झाले होते. फार बाहेर गेलेले बिंदू आपोआप पुसणारा प्रोग्रॅम असता, तर त्याने खरा इतिहास पुसला असता. तुरळक व्यवहार होणाऱ्या बाजारात तर एका छोट्या खरेदीने भाव क्षणभर दुप्पट होतो, आणि ढीगभर शेअर बाळगणाऱ्याला त्या क्षणी प्रचंड नफा झालेला दिसतो. प्रत्येक नोंद बरोबर आहे. त्या भावाला त्याचे सगळे शेअर विकले मात्र गेले नसते. इथे दुरुस्ती डेटात करायची नाही, मूल्य कोणत्या भावाने धरायचं हा नियम बदलायचा.

म्हणूनच रेघ गुळगुळीत करून खड्डा लपवण्याला माझा ठाम विरोध आहे. त्याने तक्रार थांबते, पण पुढचा शोध घ्यायला खूणच उरत नाही. चुकीचे स्नॅपशॉट बाजूला जपून ठेवावेत, मूळ नोंदींवरून नवे काढावेत आणि कोणत्या तारखेपासूनचे आकडे कशामुळे बदलले, हे खातेदाराला आलेखाखालीच दिसेल असं लिहावं.